दारामागचं तापमान

ज्याला काकाजींकडून प्रोसेसर हवा असेल त्याने आधी घरी पोहे करायचे, असा सौंसरमध्ये काही वर्षं नियम होता. नियम काकाजींनी केलेला नव्हता. ते नुसतं म्हणायचे, "खोली पाह्याले येतो." पण आमच्याकडे कोणी काहीही पाहायला येणार म्हटलं की घरातल्या बायका कांदा चिरायला घेतात, त्यामुळे पोहे आपोआप होत. काकाजी ते खात, वरून तर्री मागून घेत, आणि बहुतेक वेळा नकार देऊन जात.

त्यांचं दुकान बसस्टँडसमोर एका कृषी केंद्राच्या वर होतं. दुकानाला पाटी नव्हती. खालच्या दुकानाची कपाशीच्या फवारणीची जाहिरात एवढी मोठी होती की वर आणखी काही लावायला जागाच उरली नव्हती. लोक "फवारणीच्या वर" एवढंच म्हणत आणि पत्ता समजे. काकाजींची नोकरी बोरगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात किंवा राजकारणात; हे कॉम्प्युटर जोडून द्यायला लागले. दुकानभर खालच्या औषधाचा वास असायचा. अजूनही कुठे नव्या कॉम्प्युटरचं खोकं उघडलं आणि तो वास आला नाही की मला माल नकली वाटतो.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं शाळेत शिकवतात. काकाजींना ते मान्य नव्हतं. "मेंदू गिऱ्हाईकाजवळ पाह्यजे," ते म्हणायचे. "हा गडी आहे. किती जेवते अन् किती राबते, एवढंच पाह्याचं." जेवण म्हणजे वॅट. प्रोसेसरच्या खोक्यावर दहा आकडे असत, त्यांतला हा एकच ते चष्मा लावून वाचत. प्रोसेसर करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या. गावात त्यांना लाल आणि निळी म्हणत, आणि पोरं त्यावरून निवडणुकीसारखी भांडत. काकाजींना कोणी विचारलं की लाल चांगली का निळी, तर ते शांतपणे सांगत, "मी दोघींचाही जावई नाही."

गिऱ्हाईक मोबाइलवर आलेख घेऊन येत. कोणता प्रोसेसर कोणत्या गेममध्ये किती पळतो, व्हिडिओ किती मिनिटांत तयार करतो, कोणाला किती गुण. काकाजी सगळं नीट पाहत आणि एकच प्रश्न विचारत, "ही परीक्षा कोणत्या गावात झाली?" गिऱ्हाईकाला माहीत नसे. मग खाली बारीक अक्षरांत शोधायचं. तिथे लिहिलेलं असे की खोलीचं तापमान एकवीस डिग्री होतं. "एकवीस डिग्रीत तं मीबी पळतो," काकाजी म्हणत आणि मोबाइल परत देत.

म्हणून ते खोली पाहायला येत. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. कापडी पिशवीतून पाऱ्याचं जुनं थर्मामीटर काढायचं, टेबलाच्या जागेजवळ खिळ्याला लटकवायचं आणि तासभर खुर्चीवर गप्प बसायचं. डिसेंबरात आलेल्या गिऱ्हाईकाला ते सरळ सांगत, "मे महिन्यात ये." ते गिऱ्हाईक मे महिन्यात येत नसे, तोपर्यंत नागपूरहून घेऊन मोकळं झालेलं असे. काकाजींना त्याचं काही वाटल्याचं मी पाहिलं नाही.

लोधीखेड्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना बंदुकांच्या गेमचा नाद होता. वय पंचेचाळीस, दोन मुलं, दिवसभर गाई-म्हशी, आणि संध्याकाळी हे परग्रहावर शत्रू मारत. त्यांना चोवीस कोरचा, म्हणजे आत एकदम राबणारे चोवीस गडी असलेला, सगळ्यांत मोठा प्रोसेसर हवा होता. काकाजींनी आधी दुकानातल्या मशीनवर त्यांना तासभर गेम खेळायला लावला आणि स्वतः मागे स्टुलावर बसून राहिले.

"डॉक्टरसाहेब," शेवटी ते म्हणाले, "निंदणाले वीस बाया लावता येते. विहिरीत उतराले एकच माणूस लागते. तुमचा गेम विहिरीतला आहे. आठ गडी लय झाले. बाकीचे सोळा धुऱ्या-बांधावर बसून तंबाखू घोटतीन, अन् जेवाले मात्र चोवीसही येतीन."

डॉक्टरांना आठ कोरचा मिळाला, पण आतली साठवण मोठी असलेला. काकाजी त्या साठवणीला कोठी म्हणत. कोठी घरात असली की दाण्यासाठी गावात धावावं लागत नाही, आणि गेमला म्हणे हेच लागतं. डॉक्टर आजही तोच वापरतात आणि लोकांना सांगतात की चोवीसचा घेणारे मूर्ख असतात.

एका संत्रा व्यापाऱ्याच्या नव्या बंगल्यात मात्र मोठं प्रकरण झालं. कॉम्प्युटरची खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेला. काकाजी तासभर बसले, घाम पुसला, आणि लहान प्रोसेसर घ्या म्हणाले. व्यापारी म्हणाला, "काकाजी, माह्याकडे स्लॅब आहे." काकाजी म्हणाले, "म्हणूनच." त्याच आठवड्यात पांढुर्ण्याच्या एका लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला, ज्याचं घर मातीच्या भिंतींचं आणि वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं होतं, त्यांनी न मागता सगळ्यांत मोठा दिला. हे व्यापाऱ्याच्या कानावर गेलं. त्याने पुढे वर्षभर काकाजींना रामराम केला नाही, आणि काकाजींच्या ते वर्षभर लक्षात आलं नाही.

मशीन तयार झालं तरी लगेच मिळत नसे. संत्र्याला बहार आणायचा तर आधी पाणी तोडून झाड सुकू देतात. ताण देणं म्हणतात त्याला. काकाजी मशीनला तीन दिवस ताण देत. दुकानाचा पंखा बंद, खिडकी बंद, मशीन पूर्ण जोरात, आणि समोर स्वतः बनियनवर बसलेले. "मरत असन तं इथंच मरू दे. गिऱ्हाईकाच्या घरी नोको," असं ते मशीनबद्दल बोलत. चौथ्या दिवशी दोघंही जरा वाळलेले दिसत.

आता माझं सांगते.

माझे बाबा नगरपालिकेत नळ सोडायचे. अर्ध्या सौंसरला किती वाजता पाणी प्यायला मिळणार हे बाबांच्या हातात होतं, आणि त्यांनी त्या अधिकाराचा कधी गैरवापर केला नाही. आमच्या घरचा नळसुद्धा ते सगळ्यांत शेवटी सोडत. आई गेल्यावर ते एकटेच राहिले. मी पुण्याला एका कंपनीत होते. न बांधलेल्या इमारतींची, बांधल्यासारखी दिसणारी चित्रं आम्ही कॉम्प्युटरवर करायचो. एका मार्चमध्ये बाबांना लकवा मारला. डावी बाजू गेली. मी घरी आले ती परत जाण्याच्या बेतानेच, पण बाबांना एका हाताने वरणभात कालवताना पाहिलं आणि माझ्याच्याने बॅग भरवेना.

रजा संपत आल्यावर कंपनीने सांगितलं, दीड महिना घरून काम करून दाखव. जमलं तर तिथेच राहा. नाही जमलं तर पुण्याला परत ये, नाहीतर दुसरी नोकरी पाहा. बाबांना पुण्याला न्यावं म्हटलं तर ते म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर मले कोण नेईन? अन् नेलं तं खाली कोण आणीन?" म्हणजे दीड महिन्यात काम जमलं नाही तर बाबांना कोणा पगारी बाईच्या हवाली करून जाणं आलं. मला ते करायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती.

आमचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. दोन लहान खोल्या, स्वयंपाकघर, वर टिन. दोन्ही खोल्यांच्या खिडक्या ओसरीत उघडतात. कूलर एकच, चाकांच्या लोखंडी स्टँडवर, बाबांच्या खिडकीबाहेर. दुसरा आणून पाहिला होता. दोन कूलर एकदम लावले की जुन्या वायरिंगचा फ्यूज उडायचा. शिवाय उन्हाळ्यात नळ तिसऱ्या दिवशी येतो. बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "गावाले प्याले पाणी नाही, अन् आपण दोन दोन कूलर पाजाचे?" दुसरा कूलर परत गेला. बाबांच्या खोलीत खाट आणि खुर्ची मांडल्यावर टेबलाला जागाच नव्हती, म्हणून मी बसणार दुसऱ्या खोलीत, टिनाखाली.

माझी मागणी ठरलेली होती. चोवीस कोर, सगळ्यांत मोठा. माझं काम विहिरीतलं नव्हतं, चांगलं निंदणाचं होतं. जितके गडी तितकं लवकर चित्र. काकाजींनी हे ऐकून मान हलवली. मला वाटलं जमलं.

मे लागला होता. ते दुपारी दोनला आले. पोहे खाल्ले. बाबांच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं बसले. नळाला पाणी कसं येतं वगैरे बोलले. मग माझ्या खोलीत थर्मामीटर लटकवून तासभर बसले. एकदा उठून ओसरीत गेले, कूलर पाहिला, परत येऊन बसले.

"लहान घे, बाई," ते म्हणाले. "आठाचा."

"काकाजी, काम मोठं आहे माझं. आठात वेळेवर होणार नाही."

"काम मोठं आहे ते दिसून राह्यलं. हळू कर. पहाटे कर."

"हळू करायला कंपनी थांबणार नाही. दीड महिना आहे माझ्याजवळ."

"मोठा इथं नाही बसत."

"इथं मी बसणार आहे," मी म्हटलं, "तुम्ही नाही."

हे मी पोहे वाढलेल्या माणसाला बोलले. माझी जीभ आधीपासूनच तशी आहे. काकाजींनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी कानावरची सुताराची पेन्सिल काढली, खोलीचं दार लोटलं आणि दारामागच्या भिंतीवर काहीतरी लिहिलं. हे ते प्रत्येक घरी करत. आमच्याकडे गाय कधी फळली, गॅसची टाकी कधी लावली, हे लोक दारामागेच लिहितात. काकाजी तिथेच तापमान लिहीत. वही का ठेवत नाही असं कोणी विचारलं तर म्हणत, "खोलीचं खोलीत राह्यलं पाह्यजे." मी रागात होते. दार उघडंच ठेवलं आणि पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नागपूरला गेले आणि चोवीस कोरचं मशीन जोडून घेऊन आले. ज्याने जोडलं त्याने खोलीबद्दल एक शब्द विचारला नाही. मला तो फार व्यवहारी माणूस वाटला.

पहिले आठ दिवस बरे गेले. मग ऊन वाढलं. दुपारी मशीनचा पंखा ओरडायला लागायचा, प्रोसेसर शंभर डिग्रीला टेकायचा आणि स्वतःला वाचवायला हात आखडता घ्यायचा. एका तासाचं चित्र चार तास घ्यायला लागलं. मी झाकण काढलं, टेबलफॅन लावला, ओलं फडकं खिडकीला बांधलं. पुण्याहून रोज विचारणा. पलीकडच्या खोलीतून बाबा विचारायचे, "काय ओरडून राह्यलं ते?" मी म्हणायचे, काही नाही, काम करून राहिलं. एकदा मी चिडून म्हटलं, गरम होतं त्याला. एवढंच म्हटलं.

त्या आठवड्याच्या शेवटी मोठं काम द्यायचं होतं. दुपारी मी बाबांची औषधं आणायला गेले, मागच्या दाराने परत येऊन कानाला हेडफोन लावून बसले, आणि पाहते तर मशीन पळत होतं. तापमान खाली आलेलं. खिडकीच्या पडद्यातून गार वारा येत होता. मला इतका आनंद झाला की मी गुणगुणायला लागले. चित्रामागून चित्र निघत होतं. वारा कुठून येतो आहे हे मी दोन तास विचारलं नाही.

ते दोन तास मला अजून मोजता येतात.

बाबांनी शेजारच्या माणसाला हाक मारून कूलर ढकलायला लावला होता, त्यांच्या खिडकीपासून माझ्या खिडकीपर्यंत. सहा पावलांचं अंतर. शेजाऱ्याला सांगितलं, मले थंडी वाजून राह्यली. त्याला वाटलं, आजारी माणूस, वाजत असेल. मी खोलीत गेले तेव्हा बाबांचं अंग तापलेलं आणि कोरडं होतं, आणि ते मला आईच्या नावाने हाक मारत होते. म्हणत होते, वरच्या गल्लीचा नळ बंद कर, त्यांचं झालं.

सरकारी दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावली. बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून एक तास झाला असता तर सांगता आलं नसतं. मी त्या दोन दिवसांत माझा राग राग केला, तो काही अजून पूर्ण गेलेला नाही.

बाबांना घरी आणलं त्या दुपारी दोनला काकाजी आले. या वेळी थर्मामीटर नव्हतं, नुसती पिशवी. कूलर परत बाबांच्या खिडकीला होता. तो त्यांनी येता येताच हात लावून पाहिला.

"तुम्ही बरोबर होता," मी म्हटलं. "मोठा प्रोसेसर इथं चालत नाही."

"मोठा चालते," काकाजी म्हणाले. "मशीनचं मी कुठं म्हटलं होतं?"

त्यांनी दार लोटलं. मागे पेन्सिलीने त्या दिवशीचं लिहिलेलं होतं. अक्षर कारखान्याच्या बोर्डावर असतं तसं, ठळक आणि सरळ; अर्ध्या डिग्रीसाठी दोन उभ्या रेघा.

४३॥. कूलर बाबांकडे. लहान द्यावा.

मी ते तीनदा वाचलं. "हे तेव्हाच तोंडाने का नाही सांगितलं?"

"तुह्या बापासमोर सांगू? पलीकडं सगळं आयकू जाते. का बा, तुमच्या कूलरपायी पोरीले लहान भेटून राह्यला? त्यानं त्याच दिवशी ढकलला असता." ते टेबलाजवळ बसले. "तं त्यानं ढकललाच. चाल, मशीन लाव."

त्यांनी मशीन सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर जाऊन प्रोसेसरची वीज अर्ध्यावर बांधली. त्याला ते वेसण म्हणाले. अर्धी वीज, पाऊण काम. मग एवढा मोठा बैल कशाला घेतला, असं ते बोलले नाहीत, मीच बोलले. त्यावर त्यांनी फक्त विचारलं, "पोहे आहे का?"

वेळापत्रकही त्यांनीच करून दिलं. जड काम पहाटे चारला लावायचं, बागेला पाणी सोडतात तसं, आणि ऊन चढलं की दुपारी हलकं. मी पुण्याला कळवलं की माझं काम रात्री नाही, सकाळी नऊला मिळेल, पण रोज मिळेल. त्यांना नऊ चाललं. दीड महिना संपला आणि मी सौंसरलाच राहिले. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग आता त्याले गरम नाही होत?" नाही म्हटलं. "पाह्य. मी म्हणतच होतो." ते काहीही म्हणत नव्हते.

पुढचे तीन उन्हाळे काकाजी दर मे महिन्यात आले. न बोलावता, दुपारी दोनला. तोवर त्यांनी दुकान बंद केलं होतं आणि ते पांढुर्ण्याला मुलीकडे राहायला गेले होते. तरी थर्मामीटर पिशवीत घालून बसने येत. तासभर बसत, मग बाबांजवळ बसत, मग दारामागे लिहीत. ४२. कूलर बाबांकडे. ४४. कूलर बाबांकडे. पत्र्यावरची कावळ्यांची खुडबुड आणि पलीकडे दोन म्हाताऱ्यांचं नगरपालिकेच्या पाइपलाइनवर बोलणं ऐकत मी काम करायचे. त्या उन्हाळ्यांत मी सुखी होते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

गेल्या जानेवारीत बाबा गेले. झोपेतच.

यंदा मे महिन्यात काकाजी आले. आता चालताना भिंत धरतात. मी पोहे केले. त्यांनी थर्मामीटर लटकवलं आणि बसले. मशीनचा बारीक आवाज आणि पलीकडून कूलरचा, नेहमीसारखा. तासाने ते उठले, बाबांच्या दाराशी जाऊन उभे राहिले. खाट तशीच होती, धुतलेली चादर घातलेली. खिडकीतून तिच्यावर वारा येत होता आणि चादरीचं टोक हलत होतं.

"काहून चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"दुपारी लावते," मी म्हटलं. बाबा असते तर पाण्यावरून मला चांगलं सुनावलं असतं.

काकाजींनी आत जाऊन चादरीचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, "आता कूलर इकडं घे, बाई. वेसण काढून देतो. पुरा पळन तो."

"राहू द्या, काकाजी."

"पाऊणच काम होते."

"पुरतं मला."

त्यांनी वाद घातला नाही. कानावरची पेन्सिल काढली, माझ्या खोलीचं दार लोटलं आणि मागे वाकून लिहायला लागले. एकेक अक्षर सावकाश काढलं. मग तर्री मागून घेतली, पोहे संपवले आणि चारच्या बसने पांढुर्ण्याला गेले.

ते गेल्यावर मी दार लोटून पाहिलं. जुन्या ओळींच्या खाली, जरा वाकडी, नवी ओळ होती.

४३. कूलर बाबांकडे.